नॉर्थ लाइटच्या छतावरचे ऊन

भोसरी एमआयडीसीत साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. सगळ्या कारखान्यांचा भार विजेच्या यंत्रणेवर एकाच दिवशी पडू नये म्हणून वेगवेगळ्या भागांना वेगवेगळे वार दिले गेले, त्यात आमच्या वाट्याला गुरुवार आला आणि तो आजही टिकून आहे. रविवारी टेल्को रोडवर जॉबवर्कचे टेम्पो धावत असतात, आणि गुरुवारी लांडेवाडीच्या आतल्या गल्ल्यांत चहाची टपरीसुद्धा उशिरा उघडते. मी सोलरच्या डिझाइनचे काम करते, आणि या गुरुवारचे काय करायचे हा प्रश्न मला जवळपास प्रत्येक शेडला पडतो.

ऊन गुरुवारीही पडतेच. साधारण शंभर किलोवॉटची यंत्रणा छतावर असेल, तर ती आपल्याकडे दिवसाला सरासरी चारशे युनिट देते. मशिन बंद असतील तर ही सगळी वीज महावितरणच्या तारांत जाते. वर्षाचे 52 गुरुवार धरले, तर वीस हजारांच्या पुढे युनिट होतात. सॉफ्टवेअरमध्ये कारखान्याच्या वापराचे जे आयते नमुने मिळतात, ते शनिवार-रविवारच्या सुट्टीचे असतात. ते तसेच वापरले, तर आठवड्याचे दोन दिवस बंद धरले जातात आणि ग्रिडमध्ये जाणारी वीज उगाच जास्त दिसते. नुसता वार बदलून वर्षाची बेरीज बदलत नाही, हे खरे. पण गुरुवारी आणखी एक गोष्ट होते. कारखाने बंद असतात म्हणून महावितरणही देखभालीची कामे त्याच दिवशी काढते, आणि काही तास लाइनच बंद असते. ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टर लाइन गेली की स्वतःहून थांबतो, कारण खांबावर चढलेल्या वायरमनच्या हातात आपल्या छतावरची वीज जाता कामा नये. म्हणजे त्या तासांत लख्ख ऊन असूनही उत्पादन शून्य. मालकांना हे पहिल्यांदा सांगितले की त्यांचा विश्वास बसत नाही. ‘एवढे लाखो रुपये घालायचे आणि लाइट गेल्यावर हेही बंद?’ असे म्हणतात. मी ते सिम्युलेशनच्या आधीच सांगून टाकते, आणि सॉफ्टवेअरमध्ये यंत्रणा बंद राहण्याचे म्हणून जे तास भरायचे असतात, त्यात गुरुवारचे तास भरते.

मी मूळची टूलरूमची. जिग-फिक्श्चरची ड्रॉइंग काढता काढता सोलरकडे आले. मिलीमीटरच्या शंभराव्या भागाचा हिशेब करणाऱ्या माणसाला आकाशातून येणाऱ्या, ढगावर अवलंबून असलेल्या गोष्टीचा हिशेब आधी फार सैल वाटतो. मग कळते, की इथेही शिस्त तीच आहे. मोजमाप आधी, ड्रॉइंग नंतर.

ज्या शेडबद्दल सांगायचे आहे ती भोसरीतल्या जुन्या शेडपैकी एक. मालक वयाने मोठे, आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. मशिन शॉप, एक लहान हीट ट्रीटमेंटची भट्टी, वर ओव्हरहेड क्रेन. छत नॉर्थ लाइटचे. ज्यांनी असे छत पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगते: करवतीच्या दातांसारखे छत असते. प्रत्येक दाताची उभी बाजू उत्तरेकडे तोंड करून, तिला काचा लावलेल्या. तिरपी बाजू दक्षिणेकडे उतरणारी, तिच्यावर पत्रा. उत्तरेकडून येणारा उजेड बहुतेक काळ थेट उन्हाचा नसतो, त्यामुळे लेथवर काम करणाऱ्याच्या डोळ्यांवर तिरीप येत नाही आणि दिवसभर उजेड सारखा राहतो. ट्यूबलाइट महाग होत्या त्या काळात ज्यांनी ही शेड बांधली, त्यांनी उजेडाचा केवढा विचार केला होता! आणि त्यांनी काचांसाठी उत्तर धरली म्हणून तिरपे पत्रे आपोआप दक्षिणेला आले, जे आज पॅनेलला हवे आहे. भोसरी साधारण साडेअठरा अंश अक्षांशावर आहे. स्थिर बसवलेल्या पॅनेलला इथे दक्षिणेकडचा पंधरा-वीस अंशांचा उतार उत्तम मानतात. या शेडचा उतार बरोबर वीस अंशांचा निघाला.

अर्थात ‘दक्षिण’ म्हणजे नेमकी कुठली दक्षिण, हे तपासावे लागते. लोखंडी ट्रस आणि परलिनच्या जंगलात मोबाइलचा कंपास काहीही दाखवतो. मी छताच्या एका टोकाला उभी राहून मोजले तर एक आकडा, दहा पावलांवर दुसरा. अशा वेळी उपग्रहाच्या चित्रावर शेडची कड धरून कोन काढायचा, हाच खात्रीचा मार्ग. ही शेड दक्षिणेपासून थोडी पूर्वेकडे कललेली निघाली. तेवढ्याने उत्पादन फारसे हलत नाही, पण सावली हलते, आणि या छतावर खरा प्रश्न सावलीचाच होता.

छतावर चढण्याआधी एका बाबतीत मी कुणालाही सूट देत नाही. जुन्या शेडवर बरेचदा सिमेंटचा पत्रा असतो. तो वरून दणकट दिसतो आणि पायाखाली अचानक फुटतो. पत्र्यावरून खाली पडून माणसे गेली आहेत, या पट्ट्यात ते कुणाला नवीन नाही. फळी टाकल्याशिवाय, कंबरेला पट्टा आणि दोर असल्याशिवाय माझा माणूस वर जात नाही, मग सर्व्हे एक दिवस लांबला तरी चालेल. काकांच्या शेडचा पत्रा सिमेंटचाच होता. त्यात ॲस्बेस्टॉस असते. त्याला भोके पाडणे, घासणे म्हणजे ती धूळ श्वासात घेणे. त्यामुळे तो पत्रा आधी नीट उतरवून कलर-कोटेड पत्रा टाकायचा, मग पॅनेल, हे पहिल्याच बैठकीत ठरले. काका खर्चाने थोडे कुरकुरले, पण ट्रस तपासायला आलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरनेही तेच सांगितले. शिवाय ट्रससाठी पॅनेलच्या वजनापेक्षा वाऱ्याची उचल जास्त घातक असते. भारतीय मानकात पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 39 मीटर धरला आहे, आणि वळवाच्या वादळात पत्रे उडताना ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हा आकडा पटवून द्यावा लागत नाही.

मापे घेऊन खाली आल्यावर मी छत स्केचअपमध्ये उभे केले. पाच दात, प्रत्येक दाताची तिरपी बाजू उतारावर जवळजवळ साडेसहा मीटर, रिजची उंची पन्हळीपासून 2.2 मीटर. शेजारच्या इमारतीवरची पाण्याची टाकी, आपल्याच शेडवरचे टर्बो व्हेंटिलेटर, कोपऱ्यातला धुराड्याचा पाइप, सगळे जागच्या जागी. मग हे मॉडेल पीव्हीसिस्टमध्ये घेतले. जिनिव्हा विद्यापीठातल्या आंद्रे मर्मू या भौतिकशास्त्रज्ञाने 1990 च्या दशकात हे सॉफ्टवेअर घडवायला घेतले, आणि आज बँकेला दाखवायचा रिपोर्ट बहुतेक वेळा याच्यातूनच निघतो. ज्यांना शिकायचे आहे पण परवाना परवडत नाही, त्यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेचे सॅम किंवा युरोपीय आयोगाचे पीव्हीजीआयएस घ्यावे. दोन्ही फुकट आहेत आणि दोन्ही भोसरीचा अक्षांश-रेखांश घेतात. हाताशी आलेल्या आयटीआयच्या मुलांना मी आधी तिथेच बसवते.

यातला मला सर्वांत आवडणारा भाग म्हणजे मॉडेलवरून सूर्य फिरवणे. तारीख टाकायची, वेळ सरकवायची, आणि छतावर सावल्या चालताना दिसतात. 21 डिसेंबरला भोसरीत दुपारचा सूर्य 48 अंशांच्या वर चढत नाही. त्याच दिवशी सकाळी, घड्याळात साडेनऊ वाजता, तो जेमतेम 29 अंशांवर असतो आणि मीटरभर उंचीच्या कठड्याची सावली पावणेदोन मीटरपेक्षा लांब पडते. उलट मेच्या मध्यावर एक दिवस आणि जुलैच्या अखेरीस एक दिवस सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो. शाळेतली मुले अंगणात बाटली उभी करून शून्य सावली पाहतात ते हेच दिवस. या दोन तारखांच्या मध्ये दुपारचा सूर्य चक्क उत्तरेकडे असतो. बाहेरच्या थंड देशांतल्या पुस्तकांवरून शिकलेल्या माणसाला हे खरे वाटत नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. आपले घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावर लावलेले आहे आणि भोसरी चौऱ्याहत्तरच्याही किंचित अलीकडे. त्यामुळे इथे सूर्याचे बारा वाजतात तेव्हा आपल्या घड्याळात साडेबाराच्या आसपास वाजलेले असतात. शिवाय आपली वेळ ग्रिनिचच्या पुढे साडेपाच तास, म्हणजे त्यातही एक अर्धा तास आहेच. हवामानाची फाइल कुठून तरी उचलली आणि तिच्या तासांचा शिक्का अर्ध्या तासाने चुकला, तर सकाळ-संध्याकाळच्या सावल्यांचा हिशेबच चुकतो. पीव्हीसिस्ट अशी फाइल घेताना तासांचा हा सरकलेपणा दाखवते. तो इशारा वाचल्याशिवाय पुढचे बटण दाबू नये, एवढे मी नव्या मुलांना पुन्हा पुन्हा सांगते.

तर काकांच्या छतावर काय दिसले? दक्षिणेकडच्या दाताचा रिज त्याच्या मागच्या दाताच्या तळावर सावली टाकतो. 21 डिसेंबरला सकाळी साडेनऊला ही सावली उतारावर पन्हळीपासून जवळजवळ दोन मीटर वर चढते. दुपारी ती दीड मीटरच्या जरा वर राहते. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत दुपारची सावली सव्वा मीटरच्या आत येते, पुढे उन्हाळ्यात विषयच नाही. आता साडेसहा मीटरच्या उतारावर पॅनेल बसवायचे कसे? 545 वॉटचे पॅनेल 2.28 मीटर लांब आणि 1.13 मीटर रुंद असते. आडवे लावले तर तीन ओळी साडेतीन मीटरमध्ये मावतात, सावलीच्या पूर्ण वर राहतात, साफसफाईला चालायची जागाही मिळते. पण एका दातावर 30, पाच दातांवर 150 पॅनेल बसतात. उभे लावले तर दोन ओळींना साडेचार मीटर लागतात, एका दातावर 40, एकूण 200 पॅनेल. पण खालच्या ओळीचा तळ हिवाळ्यात सकाळी सावलीत जातो.

इथे सॉफ्टवेअर नसते तर मी घाबरून आडवेच लावले असते. एका पॅनेलवर पडलेली सावली ओळीने जोडलेल्या सगळ्या पॅनेलना मागे खेचते, हे या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात. पण किती खेचते, कधी खेचते, हे अंदाजाने कळत नाही. आजकालच्या पॅनेलमधले सेल अर्धे कापलेले असतात आणि पॅनेलचा वरचा व खालचा भाग एकमेकांना समांतर जोडलेला असतो. पॅनेल उभे असेल आणि तळाची पट्टी सावलीत गेली, तर वरचा अर्धा भाग काम करत राहतो. मात्र त्यासाठी एकाच स्ट्रिंगमधली, म्हणजे ओळीने जोडलेली, सगळी पॅनेल एकाच वेळी सावलीत जायला हवीत, निम्मी उन्हात आणि निम्मी सावलीत असली की घोटाळा. म्हणून खालच्या ओळीतली 20 पॅनेल एका स्ट्रिंगमध्ये, वरच्या ओळीतली 20 दुसऱ्या स्ट्रिंगमध्ये, आणि खालच्या स्ट्रिंग इन्व्हर्टरच्या वेगळ्या एमपीपीटीवर, म्हणजे वेगळ्या इनपुटवर, अशी जोडणी मी मांडली. वीस पॅनेलचा उघडा व्होल्टेज हजाराच्या जवळ जातो. भोसरीच्या थंडीतल्या पहाटे तापमान सात-आठ अंशांवर उतरले की तो आणखी चार-पाच टक्के वाढतो, तरी 1100 व्होल्टच्या इन्व्हर्टरच्या मर्यादेत राहतो. हे तपासून मग सिम्युलेशन चालवले. वर्षभरात सावलीने जाणारी वीज दोन टक्क्यांच्या आत आली. 150 ऐवजी 200 पॅनेल बसवायला दोन टक्के हा सौदा मला अगदी रास्त वाटला. काकांसमोर लॅपटॉप ठेवून डिसेंबरची सकाळ चालवून दाखवली. ते बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, ‘चाळीस वर्षं या शेडखाली बसलोय, वर सावली अशी फिरते हे आज बघतोय.’

सूर्याची वाट गणिताने ठरते, पण ढग, धूळ आणि आर्द्रता यांच्यासाठी मोजलेली माहितीच लागते. सॉफ्टवेअरमध्ये भोसरी टाकली की ते मेटिओनॉर्म किंवा आणखी कुठल्या संग्रहातून वर्षाच्या 8,760 तासांचे आकडे आणते. वेगवेगळे संग्रह एकाच जागेसाठी वेगवेगळे आकडे देतात, आणि कधी कधी फरक पाच टक्क्यांच्या पुढेही जातो. कुठला घ्यायचा? मी दोन-तीन ठेवते, शेवटच्या रिपोर्टला मधला किंवा खालचा धरते, आणि तो का धरला हे लिहिते.

या आकड्यांच्या मुळाशी जमिनीवर केलेली मोजणी असते, आणि तिचा एक मोठा अध्याय आमच्या शेजारी, पुण्यात लिहिला गेला. ॲना मणी 1948 मध्ये भारतीय हवामान विभागाच्या पुण्यातल्या उपकरण विभागात रुजू झाल्या. हवामानाची उपकरणे देशातच बनावीत, त्यांची मोजणी एकसारखी आणि खात्रीची असावी, यासाठी त्यांनी आयुष्य घातले. 1957-58 च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षात सौर प्रारण मोजणारी केंद्रे त्यांनी उभी केली. 1980 च्या सुमारास त्यांचे भारतातल्या सौर प्रारणाच्या आकडेवारीचे हँडबुक आले, आणि त्यानंतरच्या कितीतरी सोलर अभियंत्यांनी हिशेबाची सुरुवात त्यातून केली. सोलर हा शब्दही कारखान्यांत कुणी उच्चारत नव्हते तेव्हा या बाईंनी ऊन मोजून ठेवले. शिवाजीनगरच्या सिमला ऑफिसवरून, म्हणजे हवामान विभागाच्या इमारतीवरून, जाताना मला त्यांची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. आमच्या कामात त्यांचे नाव घेतले जात नाही, ते घेतले जावे असे मला फार वाटते.

संग्रहातून हवामान मिळते, पण शेजारची भट्टी मिळत नाही. काकांच्या शेडच्या मागे एक फाउंड्री आहे, थोडे पलीकडे पावडर कोटिंग, आणि मोशीच्या बाजूने खाणींची धूळ येतेच. पीव्हीसिस्ट मळासाठी आयता तीन टक्क्यांचा तोटा धरते. तो भोसरीला पुरत नाही. मी पाण्याच्या टाकीच्या झाकणावर काचेचे दोन तुकडे ठेवले, एक रोज पुसायचा, एक तसाच. आठवड्याने न पुसलेल्या तुकड्यावर बोट फिरवले तर राखाडी तेलकट थर आला. नुसती धूळ असती तर फुंकरीने उडाली असती. हा थर पावसाशिवाय किंवा साबणाच्या पाण्याशिवाय जात नाही. म्हणून तोटा दर महिन्याला वेगळा भरला: पावसाळ्यात एक टक्का, ऑक्टोबरपासून चढता, फेब्रुवारी ते मे सहा. आणि रिपोर्टसोबत धुण्याचे वेळापत्रक दिले. बोअरचे पाणी वापरू नका, असेही लिहिले. त्यातले क्षार काचेवर वाळून पांढरे डाग धरतात आणि ते डाग मळापेक्षा चिवट असतात.

उष्णतेचेही तसेच. लोकांना वाटते, वैशाखातले ऊन म्हणजे सर्वांत जास्त वीज. पॅनेल तापले की वीज घटते, 25 अंशांच्या वर दर अंशाला साधारण एक टक्क्याचा तिसरा हिस्सा. मे महिन्यात पत्र्याला चिकटून बसवलेल्या पॅनेलचे तापमान 65 अंशांपर्यंत सहज जाते, म्हणजे तेरा-चौदा टक्के तिथेच गेले. मोकळ्या मैदानावर उभ्या केलेल्या पॅनेलसाठी सॉफ्टवेअर उष्णता वाहून जाण्याचा आकडा 29 धरते, पत्र्यालगतच्या पॅनेलसाठी तो वीसच्या आसपास ठेवायला हवा. आम्ही पॅनेल आणि पत्रा यांच्यात हातभर जागा सोडायची ठरवली, तरी मी 29 धरला नाही. खाली हीट ट्रीटमेंटची भट्टी आहे, तिची धग पत्र्यालाच लागते.

हे सगळे तोटे पीव्हीसिस्ट एका पानावर आकृतीत मांडते. वर आकाशातून आलेले ऊन, मग खाली येताना बाजूला फुटत जाणारे बाण: सावली, मळ, उष्णता, पॅनेलमधला फरक, तारांतला तोटा, इन्व्हर्टर. तळाशी उरते ते मीटरपर्यंत पोचणारे युनिट. कोणत्याही मालकाला माझी एकच विनंती असते, की कोटेशनमध्ये बाकी काही पाहू नका, पण हे पान मागा. काकांकडे दुसऱ्याही कुणाचे कोटेशन आले होते. तेवढ्याच क्षमतेला वर्षाचे वीस हजार युनिट जास्त लिहिले होते, आणि तोट्याचे पान जोडलेले नव्हते. मागवल्यावर आले. मळ शून्य, सावली शून्य, उष्णतेचा आकडा मोकळ्या मैदानाचा. सॉफ्टवेअर तेच, पण त्याला सांगितले ते भोसरीचे छत नव्हते. मला या गोष्टीचा खरोखर राग येतो. लहान कारखानदार कर्ज काढून हे करतो, हप्ता वाचलेल्या बिलातून फेडायचे ठरवतो. कागदावरचे वीस हजार युनिट छतावर आले नाहीत, तर ते त्याच्या खिशातून जातात. माझा आकडा 109 किलोवॉटसाठी वर्षाला 1 लाख 52 हजार युनिट होता. काकांनी कमी आकड्याचे कोटेशन घेतले, याचे श्रेय मी त्या पानाला देते.

लोड मात्र कुठलाच संग्रह देत नाही. बिलावर महिन्याचे युनिट असतात. कुठल्या तासाला किती वापरले, ते मीटरमधल्या पंधरा-पंधरा मिनिटांच्या नोंदींतून काढावे लागते. ते काढले तर दिसले, की कॉम्प्रेसर सकाळी आठला उचल घेतो, दुपारी जेवणाच्या सुट्टीत आलेख खड्ड्यात जातो, आणि भट्टीची मोठी बॅच संध्याकाळी सहाला चढते, रात्रपाळीत उतरते. दिवाळीत पाच दिवस टाळे. चैत्र-वैशाखात गावोगावच्या जत्रा आणि लग्नांसाठी निम्मी माणसे रजेवर, म्हणजे ऊन चांगले असते तेव्हाच मशिन कमी चालतात. ही सगळी वळणे मी वर्षाच्या तासांमध्ये हाताने भरली. शेड स्वतः किती वीज वापरेल आणि किती बाहेर जाईल, हे त्याशिवाय कळत नाही, आणि हल्ली पैशाचा सगळा हिशेब त्यावर आहे. नेट मीटरिंगचे नियम महाराष्ट्रात 2015 मध्ये आले, 2019 मध्ये नवे झाले, पुढे सुधारले गेले. बाहेर गेलेले युनिट खात्यात जमा होते. पण आर्थिक वर्षाच्या शेवटी शिल्लक राहिलेल्याला मिळणारा दर आपण वीज घेतो त्या दराच्या मानाने फार कमी असतो. त्यात 2025 पासूनच्या दरांत कारखान्यांना दिवसाची वीज स्वस्त आणि संध्याकाळची महाग झाली. दिवसा बाहेर पाठवलेले युनिट संध्याकाळच्या महाग युनिटाची जागा घेत नाही.

यंत्रणा सुरू होऊन आता वर्षाहून जास्त झाले. पहिल्या वर्षाची बेरीज माझ्या आकड्यापेक्षा अडीच टक्क्यांनी कमी आली. ती कुठे गेली, हेही महिन्यांवरून दिसते. जुलै-ऑगस्टला ढग अंदाजापेक्षा जास्त राहिले, आणि मार्चमध्ये धुणे एकदा चुकले तेव्हा आलेख स्पष्ट खाली बसला. डिसेंबर मात्र सॉफ्टवेअरने सांगितला होता तसाच निघाला, अगदी सकाळच्या त्या खालच्या स्ट्रिंगसह. इन्व्हर्टरच्या ॲपवर, दक्षिणेकडचा पहिला दात सोडून, बाकी चारही खालच्या स्ट्रिंगचा करंट साडेदहापर्यंत निम्म्यावर आणि मग वरच्या ओळींच्या बरोबरीला येताना दिसला, तेव्हा माझ्यासोबतच्या मुलाने स्क्रीनशॉट काढून घरी पाठवला.

काकांचा पुढचा प्रश्न बॅटरीचा होता. संध्याकाळची वीज महाग, तर दिवसाची साठवावी. मी सिम्युलेशन करून पाहिले. भट्टीची बॅच संध्याकाळी सहालाच चढवायची धरली, तर बॅटरी एवढी मोठी लागते की तिचा हप्ता वाचलेल्या बिलाच्या पुढे जातो. मग मी बॅटरी काढून टाकली आणि फक्त बॅचची वेळ सकाळी साडेनऊवर सरकवली. बाहेर जाणारी वीज निम्म्याहून कमी झाली आणि संध्याकाळचे युनिट उतरले. हे काकांना दाखवले, तेव्हा त्यांनी भट्टीवरच्या माणसाला बोलावून घेतले. तो म्हणाला, की बॅच संध्याकाळी चढते कारण माल दुपारी चारला मशिन शॉपमधून येतो. सकाळी चढवायची असेल तर माल आदल्या दिवशी तयार हवा, म्हणजे मशिन शॉपची एक पाळी अलीकडे ओढावी लागेल. त्याचे म्हणणे बरोबर होते. गेल्या महिन्यापासून दोन मशिनची पाळी त्यांनी बदलली आहे, आणि आठवड्यातून तीन बॅच सकाळी चढतात. उरलेल्या तीन कशा सरकवता येतील, यासाठी सध्या मी त्यांच्या मालाच्या तारखा पंधरा मिनिटांच्या आलेखाशेजारी मांडून बसले आहे.